हेडचे स्टड ब्लॉकमध्ये किती घट्ट करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी अँबेसेडर मार्क ४, पेट्रोल, १४८९ सीसी. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधला सीलचा थर) उडालं म्हणून हेड उतरवलं. नट सोडताना काही स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळया) नटासकट ब्लॉकमधून बाहेर आले आणि एकाचे वरचे आटे खराब दिसतायत. मिस्त्री म्हणतात, स्टड पाइप पान्याने ब्लॉकमध्ये गच्च बसवू, लॉकटाइट (आटे जाम करणारा गोंद) लावू आणि वरून ५० फूट-पौंड देऊ. तुमच्या जुन्या मॅन्युअलमध्ये ४० लिहिलंय. शिवाय एका मित्राने परदेशी रेसिंग स्टड मागवायला सांगितलंय. तेव्हा स्टडला किती, नटाला किती, आणि गाडी चालवल्यावर पुन्हा टॉर्क (पान्याने फिरवायचा मोजलेला जोर) द्यायचा की नाही?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. स्टडला टॉर्क नाही, तो बोटांनी फिरवून बसवायचा. नटाला ४० फूट-पौंड, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर किंवा साडेपाच किलो-मीटर, तीन टप्प्यांत आणि आट्यांना इंजिन ऑइल लावून. लॉकटाइट सरसकट नको. पुन्हा टॉर्क द्यायचा की नाही हे तुम्ही गॅस्केट कोणतं आणलंय त्यावर. परदेशी स्टडांचं शेवटी बोलू.

आपण सगळेच ‘किती टॉर्क’ विचारतो, पण हेडला टॉर्कशी देणंघेणं नसतं. हेडला हवी असते ओढ. नट फिरवला की स्टड ताणला जातो, या इंजिनात सुमारे पाव मिलिमीटर, आणि तो मूळ लांबीवर यायला बघतो. त्या ओढीनेच ब्लॉक, गॅस्केट आणि हेड एकमेकांवर आवळून राहतात. टॉर्क पाना ही ओढ मोजत नाही. तो मोजतो तुमच्या हाताचा जोर. त्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, त्यातला निम्म्याहून जास्त नटाच्या तळाशी वायसरवर आणि बाकीचा आट्यांमध्ये. उरलेल्या दहाएक टक्क्यांनी स्टड ताणला जातो. म्हणजे घर्षण थोडं इकडेतिकडे झालं की ओढ भलतीच बदलते, आणि पाना मात्र तोच आकडा दाखवतो.

हिशेब करून बघा. तुमचे स्टड ३/८ इंची आहेत. ४० फूट-पौंड टॉर्कला, आटे साधे कोरडे असले तर एका स्टडवर जवळपास २.९ टन ओढ येते. तेच आटे इंजिन ऑइलने ओले असले तर ३.९ टनाच्या आसपास. मोलीवालं (मोलिब्डेनम घातलेलं) ग्रीस फासलं तर ४.८ टन. आणि आट्यांत गंज, जुनं सीलंट, कार्बन भरलेला असला तर दोन टनांच्याही खाली. टॉर्क चारही वेळा ४०च. हे आकडे घर्षणाचे ठोकताळे धरून काढलेत, तुमच्या ब्लॉकवर वीस-तीस टक्केही इकडेतिकडे होतील. पण दोन टन आणि पावणेपाच टन यांतला फरक ठोकताळ्याचा नाही. म्हणून ४० की ५० या वादापेक्षा आटे कोणत्या अवस्थेत आहेत हे मला आधी विचारावंसं वाटतं.

ही ओढ लागते कशाला? या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७३ मिलिमीटर. फुल थ्रॉटलला, जळणाच्या ऐन क्षणी सिलिंडरमध्ये ४०-५० बार दाब होतो असं धरलं तर एका सिलिंडरवर हेड उचलायला बघणारा जोर दोन टनांच्या घरात जातो. तो आजूबाजूच्या स्टडांत वाटला जातो. स्टड आधीच त्याहून पुष्कळ जास्त ताणलेले असतील तर त्यांना प्रत्येक धमाक्याचा फरक फारसा जाणवत नाही. ताण कमी असेल तर हेड प्रत्येक वेळी केसभर हलतं, गॅस्केट घासलं जातं आणि दोन शेजारच्या सिलिंडरांमधली अरुंद पट्टी आधी जळते. तुमचं गॅस्केट नेमकं तिथेच उडालंय का ते बघा. तसं असेल आणि दोन शेजारच्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम पडलं असेल, तर इंजिन तापण्यापेक्षा आवळणी कमी पडल्याचा संशय मी आधी घेईन.

आता स्टड ब्लॉकमध्ये गच्च का नको. बोल्ट आणि स्टडमधला फरकच इथे आहे. बोल्ट आवळताना त्याचं अख्खं अंग पिळलं जातं आणि ब्लॉकमधले आटे पूर्ण ओढीखाली घासत फिरतात. स्टड वापरला की ब्लॉककडचे आटे स्थिर राहतात, फिरतो फक्त वरचा नट, तोही बारीक आट्यांवर. त्यामुळे स्टडवर येणारी ओढ जास्त सारखी येते आणि दर वेळी हेड काढताना ब्लॉकचे आटे झिजत नाहीत. ही सोय मिळावी म्हणून स्टड दिलेत. ते पाइप पान्याने गच्च केले की काय होतं? स्टडचे आटे जिथे संपतात तिथला उतार ब्लॉकच्या पहिल्या आट्यात पाचरीसारखा घुसतो. बीडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, असा बाहेरच्या बाजूचा जोर सोसत नाही. भोकाभोवतीचा पृष्ठभाग किंचित वर उचलला जातो, कधी बारीक तडा जातो, आणि स्टडही कलतो. कललेल्या स्टडवर हेड उतरताना अडकतं, मग कुणीतरी लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारतं. पाइप पान्याचे दात स्टडच्या अंगावर उमटतात ते वेगळंच. ताणलेल्या पोलादावरचा असा ओरखडा म्हणजे पुढे तुटायची जागा.

शिवाय त्या गच्चपणाने मिळत काहीच नाही. वरचा नट आवळला की स्टड वर ओढला जातो आणि खालचे आटे आपोआप ब्लॉकच्या आट्यांवर बसतात. स्टड खाली गच्च होता की हाताने बसवलेला, याचा ओढीवर परिणाम शून्य. मी स्टड बोटांनी पूर्ण खाली नेतो, तळाला टेकला की थांबतो.

हे सगळ्या इंजिनांना लागू पडतं असं मात्र समजू नका. काही इंजिनांत स्टडचे खालचे आटे मुद्दाम घट्ट फिटिंगचे ठेवलेले असतात, काहींत स्टडलाच खांदा असतो आणि मॅन्युअलमध्ये स्टडचा वेगळा टॉर्क दिलेला असतो. तिथे मॅन्युअलचं ऐकायचं. नव्या गाड्यांच्या बऱ्याच इंजिनांत तर स्टड नसतातच. टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायचे बोल्ट असतात, ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. आणि प्रीमियर पद्मिनीवाल्यांनी हे उत्तर जसंच्या तसं उचलू नये. तिचं हेड अॅल्युमिनियमचं. ते तापलं की पोलादी स्टडच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम इंजिनात ओढ वाढते आणि सगळं गणित बदलतं. तुमचं हेडही बीडाचं, ब्लॉकही बीडाचा, म्हणून तुमचं काम त्या मानाने सोपं आहे. तुमचीच डिझेल अँबेसेडर असती तरी मी हे आकडे दिले नसते.

नटासकट स्टड बाहेर आले याचं टेन्शन घेऊ नका. वरचा नट गंजून स्टडला चिकटला आणि खालचे आटे तुलनेने मोकळे होते, एवढाच त्याचा अर्थ. उलट ब्लॉकची भोकं तपासायची संधी मिळाली. मी तर उरलेलेही काढायला सांगेन. डबल नट लावून, म्हणजे दोन नट एकमेकांवर लॉक करून खालच्या नटाला पाना लावला की बहुतेक स्टड मुकाट्याने येतात. न आला तर बुडाशी भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. पाइप पाना फक्त अशा स्टडला, जो कचऱ्यातच जाणार आहे.

स्टड बाहेर आले की प्रत्येकाची परीक्षा घ्या. नवाकोरा नट घ्या आणि तेल न लावता बोटांनी स्टडच्या वरच्या आट्यांवर टोकापासून शेवटपर्यंत फिरवा. चांगल्या स्टडवर नट वाऱ्यासारखा जातो. मधेच जड झाला तर आटे खराब आहेत किंवा स्टड ताणला जाऊन आट्यांमधलं अंतर वाढलंय. मग व्हर्नियरने अंगाची जाडी तीन-चार ठिकाणी मोजा. कुठे कंबर बारीक झालेली दिसली तर स्टड गेला. तिसरी गोष्ट म्हणजे हेडच्या भोकात पाणी झिरपून जिथे साचतं तिथे स्टडच्या अंगावर खड्डे पडतात. नखाला लागेल असा खड्डा असलेला स्टड मी परत वापरत नाही, दिसायला बाकी कितीही ठणठणीत असो.

एकच खराब आहे तर एकच बदलू का, असं तुम्ही विचाराल. चालून जातं. पण ताणलेला असेल तर उरलेल्या दहांनी तेवढीच वर्षं आणि तोच हात सोसलाय. मी सगळे अकरा बदलतो, नट आणि वायसर धरून. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, तरी हा माल अजून फिरतो. पुण्यात नाना पेठेत विचारा, नाही तर कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला ओळख काढा. फक्त एक करू नका. कोपऱ्यावरचा लेथवाला ‘तासाभरात करून देतो’ म्हणून साध्या एम.एस. (माइल्ड स्टील) सळईतून स्टड कापून देतो, ते घेऊ नका. आम्हा कोल्हापूरकरांना उद्यमनगरच्या लेथवाल्यांचा अभिमान आहे, त्यांचा हात सोन्यासारखा आहे, पण इथे प्रश्न हाताचा नाही, धातूचा आहे. ३.९ टन ओढीला तुमच्या स्टडच्या आट्यांवर दर चौरस मिलिमीटरला ६५ ते ७० किलो ताण येतो. साधं एम.एस. पंचविसेक किलोलाच कायमचं लांबायला लागतं. तो स्टड पहिल्याच दिवशी लांबेल, टॉर्क पाना आकडा गाठल्याची क्लिकही कदाचित देईल, आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा रेडिएटरमधले बुडबुडे बघत बसाल. हीट ट्रीटमेंट झालेला आणि रोल केलेल्या (दाबून पाडलेल्या) आट्यांचा स्टड हवा. कापलेल्या आट्यांपेक्षा रोल केलेले आटे वारंवार येणाऱ्या ताणाला जास्त टिकतात.

नवे स्टड आले तर जुन्याशेजारी उभे करून लांबी ताडून बघा. या इंजिनात लांब आणि आखूड असे दोन्ही असतात. लांब असतात ते रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) स्टँडमधून वर येणारे. वरच्या टोकाला ३/८ इंच, इंचाला २४ आटे. गॅरेजात मेट्रिकची सवय असते म्हणून दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला सॉकेटचा. नटाला ९/१६ चा सॉकेट लागतो. १४ चा बसत नाही आणि १५ चा कोपरे गोल करतो. दुसरा घोटाळा महागात पडतो. ब्लॉकची भोकं साफ करायला कुणी एम-१० चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घातला की संपलं. तो अर्धा मिलिमीटर जाड, पिचही वेगळं, त्यामुळे साफ करण्याऐवजी चांगले आटे सोलून काढतो.

साफ करायला खरं तर टॅप नकोच. टॅप धातू कापतो, आणि आपल्याला कापायचं नाही, फक्त घाण बाहेर काढायची आहे. जुन्या काढलेल्या स्टडांपैकी खालचे आटे चांगले असलेला एक निवडा. हॅकसॉने त्या आट्यांवर उभ्या दोन-तीन खाचा पाडा आणि कडेची बूर कानशीने घालवा. झाला चेसर. तेल लावून हाताने आत-बाहेर करा, खाचांत काळा भुगा भरून येतो. मग ब्रेक क्लीनर मारा आणि भोकावर फडकं धरून हवा मारा. डोळ्यांना चष्मा लावाच, तो भुगा सरळ तोंडावर येतो. हे प्रत्येक भोकाला, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची मेहनत हीच, आणि घाईत हीच गाळली जाते.

बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी साचून राहिलं तर काय होतं हेही सांगतो. द्रव दाबला जात नाही. स्टड खाली जाताना त्याला जायला जागा उरली नाही तर तो दाब ब्लॉकवर येतो आणि बीड तडकतं. म्हणून भोक कोरडं ठणठणीत आणि स्टडच्या खालच्या आट्यांना तेलाचं फक्त बोट. एक बारीक तार घालून प्रत्येक भोकाचा तळ तपासा. तार टेकली नाही आणि ओली आली तर ते भोक वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत) उघडतं. तिथे मात्र आट्यांना सीलंट लावा, कडक न होणारं. नाही तर पाणी आट्यांवरून चढत नटाशी येईल आणि तुम्हाला वाटेल गॅस्केट पुन्हा गेलं. लॉकटाइटबद्दल मिस्त्रींना एवढंच सांगा की स्टड सुटायचा प्रश्नच नाही, वरून चार टनांनी ओढलाय. लावायचंच असेल तर ते सुकायच्या आत हेड बसवून टॉर्क पूर्ण झाला पाहिजे, नाही तर स्टड थोडा तिरका असला तरी तसाच जाम होतो.

भोकाच्या तोंडाशी ब्लॉक वर उचललाय का ते सरळ पट्टी ठेवून बघा. गॅस्केट तिथे आधी टेकलं तर बाकी ठिकाणी दाब पोचत नाही. उचललेलं असेल तर भोकाचं तोंड हलक्या हाताने चॅम्फर करायचं (कड उतरती करायची), जेमतेम पहिल्या आट्यापुरतं. पट्टी लांबीतून, रुंदीतून आणि दोन्ही कर्णांतून ठेवून ०.०५ मिलिमीटरचा फीलर (मापाची पातळ पाती) घालून बघा. तो सहज जात असेल तर ते हेड किंवा ब्लॉक सरफेस ग्राइंडिंगला. जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. तुमचं मूळचं असेल तर कोरडं घासू नका, ओलं करून खरवडा.

हेड फेसिंग केलेलं (घासून सपाट केलेलं) असेल, आत्ता किंवा आधीच्या मालकाच्या काळात, तर एक गुपचूप फसवणारी गोष्ट तपासा. हेड पातळ झालं की नट स्टडवर अजून खाली जातो. तो आटे संपून कोऱ्या अंगाला टेकला तर टॉर्क पाना छान क्लिक देतो, पण आवळलं काहीच जात नाही. गॅस्केट घालून, हेड ठेवून, नट हाताने लावून प्रत्येकाखाली किती आटे शिल्लक आहेत ते मोजा. कमी असतील तर जाड, कडक केलेला वायसर घाला. बाजारातला मऊ पत्र्याचा वायसर इथे चालत नाही, तो दबतो आणि ओढ घेऊन जातो.

आता बसवणं. या इंजिनाची एक खोड आहे, ती मिस्त्रींना माहीत असेलच, पण सांगतो. रॉकर शाफ्टच्या चार स्टँडना आठ नट असतात. त्यातले चार मोठे नट हेच हेडचेही नट आहेत. बाहेरचे सात मिळून अकरा. म्हणून कधीही रॉकर असेंब्ली काढायची असली तरी पाणी काढून सगळे अकरा नट थोडे थोडे ढिले करावे लागतात, नाही तर एका बाजूने आवळलेलं आणि एका बाजूने मोकळं असं हेड वाकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये, पुढे खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. उलट दिशेने, हेड बसवताना टॅपेटचे स्क्रू पूर्ण मागे घ्या आणि प्रत्येक पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी सळई) खाली टॅपेटमध्ये, वर रॉकरच्या कपमध्ये नीट बसलाय हे बोटाने चाचपा. तसं केलं नाही तर स्टँडचा नट आवळताना व्हॉल्व्ह स्प्रिंग उलट ढकलते आणि कपाबाहेर राहिलेला पुशरॉड वाकतो. स्टँडचे जे चार छोटे नट आहेत त्यांचा टॉर्क वेगळा आणि कमी. ४० चा हात तिथे लावला की ते स्टड जातात.

गॅस्केटवर वरची बाजू आणि पुढची बाजू छापलेली असते, ती बघून घाला. हेड सरळ खाली सोडा. वरच्या आट्यांना आणि वायसरच्या ज्या तोंडावर नट घासणार आहे त्या तोंडाला स्वच्छ इंजिन ऑइल. वायसरला तेल लावायचं राहूनच जातं, आणि वर सांगितलं तसं निम्मं घर्षण तिथेच असतं.

क्रम मधल्या नटापासून बाहेर, आलटून पालटून. मॅन्युअलमधली आकृती पुठ्ठ्यावर मोठी काढून फेंडरवर ठेवा, पाठ असली तरी. पहिली फेरी १५ ची, दुसरी २५-३० ची, तिसरी ४०. मग ४० वरच एक फेरी नुसती तपासणीची, कारण शेजारचा आवळला की गॅस्केट दबून आधीचा हलका होतो. पाना सावकाश, एका दमात ओढायचा. झटके देत क्लिक काढली की आकडा खोटा. क्लिक आली की थांबायचं, खात्रीसाठी पुन्हा टकटक करायचं नाही.

दुसऱ्या फेरीनंतर मी प्रत्येक नटाच्या एका कोपऱ्यावर आणि शेजारी हेडवर पांढऱ्या पेंटचा एकेक ठिपका देतो. तिसऱ्या फेरीत अकराही ठिपके साधारण सारखेच सरकले पाहिजेत. एखादा नट बाकीच्यांपेक्षा खूप जास्त फिरला तर स्टड लांबतोय किंवा ब्लॉकचे आटे उपटतायत. एखादा जवळपास न फिरताच क्लिक झाला तर आट्यांत घाण आहे किंवा नट तळाला टेकलाय. टॉर्क पाना हे सांगू शकत नाही, ठिपके सांगतात. नट फिरतच राहिला आणि क्लिकच येईना, तर ‘अजून थोडं’ म्हणून जोर लावू नका. थांबा, तो स्टड काढून बघा. ब्लॉकचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) टाकून भोक वाचतं, पण ते ड्रिलिंग काटकोनात व्हायला हवं, हातात ड्रिल धरून नाही.

पान्याबद्दल दोन शब्द. क्लिकवाल्या चांगल्या पान्यात ४ टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो, आणि तोही त्याच्या रेंजच्या खालच्या पाचव्या भागाच्या वर. २१० न्यूटन-मीटरचा पाना ५४ ला चालतो, ३०० वाला आणू नका. काम झालं की सेटिंग सर्वांत खाली आणून ठेवायचं.

मिस्त्रींचं ५० कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज इंजिन. इंग्लंडात ते एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्येही होतं, १७९८ सीसीचं, आणि त्या गाडीला ४५ ते ५० फूट-पौंड दिलेले आहेत. कुठून तरी तो आकडा उडत आला असेल. तुमच्या जुन्या स्टडांवर ऑइल लावून ५० म्हणजे ४.८ टन, मोली लावून केलेल्या ४० एवढेच. चांगल्या स्टडलाही ते काठावर नेतं आणि इतक्या जुन्या बीडाच्या आट्यांवर उगीच भार. तुमच्या मॅन्युअलला ४० पुरेसे वाटले तर मलाही पुरेसे वाटतात. मिस्त्रींचा हात चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या माणसांचा हात पान्याइतका नेमका असतो हे मी पाहिलंय. पण हातालाही टॉर्कच कळतो, घर्षण कळत नाही.

पुन्हा टॉर्कबद्दल. तांब्याच्या पत्र्याचं किंवा साधं कंपोझिट गॅस्केट असेल तर हो. ते तापून पहिल्यांदा बसतं. समजा ०.०५ मिलिमीटर बसलं. ऐकायला काहीच नाही, पण स्टडचा एकूण ताणच पाव मिलिमीटर. म्हणजे पाचवा हिस्सा ओढ गेली. इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, बंद करा, रात्रभर थंड होऊ द्या. मग त्याच क्रमाने, एका वेळी एकच नट पाव फेरी ढिला करून लगेच परत ४० ला आणा. ढिला न करता नुसता पाना लावला तर थिजलेल्या नटाचं घर्षणच क्लिक देतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. पुढे ८०० किलोमीटरनंतर असंच एकदा. गॅस्केटच्या पाकिटावर ‘पुन्हा टॉर्क नको’ असं छापलेलं असेल तर मात्र बनवणाऱ्याचं ऐका.

प्रत्येक वेळी टॅपेट पुन्हा सेट करायचे. हेड खाली बसलं की रॉकर पुशरॉडच्या जवळ येतो आणि रॉकर-व्हॉल्व्हमधली फट कमी होते. टॅपेट वाजला तर कानाला तरी कळतं. फट संपली तर काहीच वाजत नाही, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट टेकत नाही आणि जळतो.

राहिले परदेशी रेसिंग स्टड. माल उत्तम असतो यात शंका नाही. एआरपीसारख्या रेसिंग स्टड बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच स्टड हाताने बसवायला सांगतात, हे मिस्त्रींना जरूर दाखवा. पण त्यांचा टॉर्क त्यांच्याच लुब्रिकंटसाठी असतो. तो आकडा ऑइलवर वापरायचा नाही आणि ते लुब्रिकंट लावून जुना आकडा गृहीत धरायचा नाही. टर्बो बसवलेल्या किंवा कॉम्प्रेशन खूप वाढवलेल्या इंजिनाला त्यांची गरज पडते. तुमची गाडी सणासुदीला आणि लग्नाला निघणार. त्या पैशांत हेड प्रेशर टेस्ट करून घ्या, रेडिएटर रॉडिंग करा (सळई घालून नळ्या साफ करा) आणि नवा थर्मोस्टॅट टाका. गॅस्केट उडण्याआधी गाडी तापत होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तापत असेल तर स्टड कितीही चांगले बसवले तरी आधी ते बघावं लागेल.